स्पेक्ट्रमच्या बेसिकमध्ये मराठी अक्षरं: २१ चौकटींत बाराखडी कशी कोंबायची?

कॅसेटवाला

मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे. झेडएक्स स्पेक्ट्रम, म्हणजे सिंक्लेअरचा ऐंशीच्या दशकातला घरगुती संगणक, ज्यांना माहीत नाही त्यांनी खुशाल पुढच्या धाग्यावर जावं, राग नाही.

पुतणीच्या कॉलेजात जुन्या संगणकांचं छोटंसं प्रदर्शन आहे. माझा ४८ के (किलोबाइट) मेमरीचा स्पेक्ट्रम अजून चालतो. १९८६ च्या सुमारास डेसिबेल्सने परवाना घेऊन भारतात काढलेला डीबी स्पेक्ट्रम प्लस, रबरी बटणांचा नव्हे, कडक बटणांचा. त्याच्या पडद्यावर मराठीत चार ओळी दाखवायच्या आहेत. प्रदर्शनाचं नाव, स्वागत वगैरे. अट मीच घातली आहे: फक्त बेसिक, म्हणजे त्याची शिकायला सोपी प्रोग्रॅमिंगची भाषा, मशीन कोड नाही. झेड८० च्या, म्हणजे आतल्या प्रोसेसरच्या, भाषेत उतरायचं असेल तर मग मजा काय राहिली?

अडचण सगळ्यांना दिसतेच आहे. स्वतः काढलेल्या अक्षरांसाठी स्पेक्ट्रम २१ जागा देतो, ए ते यू. प्रत्येक जागा ८ × ८ ठिपक्यांची. आपली व्यंजनंच त्यात मावत नाहीत. त्यापुढे स्वर, काना, मात्रा, दोन वेलांट्या, दोन उकार, रफार, अनुस्वार आणि जोडाक्षरं. त्या काळी कोणी हा उद्योग केला होता का?

धागा काढलाच आहे तर तेव्हाच्या घरगुती बेसिकमधल्या आपापल्या पळवाटाही येऊ द्या. कोड देवनागरीतच लिहा, फोनवर सारखा कळफलक बदलायचा वैताग येतो.

दोनबोटी

पहिला! सावकाशीने लिहितो.

खटपटराव

४८ के? म्हणजे तुम्ही जमीनदार. आमच्याकडे मामाने इंग्लंडहून आणलेला सिंक्लेअरचाच आधीचा झेडएक्स८१ होता. मेमरी १ के. त्यातच प्रोग्रॅम, त्यातच व्हेरिएबल, आणि पडद्यावर जे दिसतं तेही त्यातच. पडदा भरत गेला की प्रोग्रॅमला जागा कमी, असा सगळा मामला.

सिंक्लेअरच्या बेसिकमध्ये ओळीत नुसता १ लिहिला तर तो ७ बाइट खातो. आकड्याचा स्वतःचा एक, मग खुणेचा एक, आणि तोच आकडा गणितासाठी तयार करून मागे लपवून ठेवलेला, त्याचे ५. म्हणून आम्ही १ लिहायचोच नाही. ‘एसजीएन पाय’ लिहायचो. एसजीएन आकड्याचं चिन्ह सांगतो आणि पाय (३.१४…) धन आहे, म्हणून उत्तर १. असा शब्द एकाच बाइटात साठतो, म्हणून खर्च २ बाइट. शून्य हवं तर ‘नॉट पाय’. तीन हवे तर ‘इंट पाय’. शंभर हवे तर व्हॅल (मजकुराचा आकडा करणारी आज्ञा) आणि अवतरणचिन्हांत १००, म्हणजे ९ ऐवजी ६ बाइट. एखाद्या प्रोग्रॅमची यादी वाचायला घेतली की वर्तुळाच्या भूमितीचा प्रोग्रॅम वाटावा आणि निघावा आकडा ओळखण्याचा खेळ.

याच १ केमध्ये डेव्हिड हॉर्नने ६७२ बाइटांत बुद्धिबळ बसवलं होतं, १९८३ साली एका इंग्लिश मासिकात छापून आलं. किल्लेकोट नाही, प्यादं शेवटच्या घरात पोचून वजीर होत नाही, पण समोर बसून खेळतं. अर्थात ते मशीन कोडमध्ये, म्हणजे तुमच्या अटीत बसत नाही.

वाचनमात्र

मी पायथॉनवाला, वय सांगत नाही. प्रत्येक ओळीला नंबर कशासाठी? आणि सगळीकडे १०, २०, ३० असेच का दिसतात?

दोनबोटी

@वाचनमात्र, एडिटर नावाची गोष्टच नव्हती. ओळ टाइप करायची, नंबरावरून ती आपल्या जागी जाऊन बसायची. दहा-दहाचं अंतर मध्ये विसरलेलं घुसवायला. स्पेक्ट्रममध्ये रीनंबर नाही, त्यामुळे १० आणि २० च्या मधल्या नऊ ओळी संपल्या की गो सब करून खाली ७००० ला जायचं, तिथे उरलेलं लिहायचं आणि परत यायचं. माझे प्रोग्रॅम असेच खाली खाली वाढत गेले.

शाळेतली_बाई

ओळींना नंबर, एल्स (‘नाहीतर’) नाही, प्रोसिजर (नावाने बोलवायचे प्रोग्रॅमचे तुकडे) नाही, रीनंबर नाही, आणि त्याचं इथे कौतुक चाललंय!

आमच्या शाळेत केंद्र सरकारच्या ‘क्लास’ योजनेतून बीबीसी मायक्रो हे संगणक आले होते. १९८४-८५ मध्ये पहिल्या टप्प्यात देशभरातल्या २५० शाळांत ही योजना सुरू झाली. सोफी विल्सन यांनी लिहिलेलं त्याचं बेसिक बघा. प्रोसिजर आहेत, त्यांना स्वतःची लोकल व्हेरिएबल आहेत, रिपीट-अनटिल आहे, व्हेरिएबलला हवं तेवढं लांब नाव देता येतं, रीनंबर आहे. बेसिकच्या मधोमध चौकटी कंसात असेम्ब्ली (मशीन कोडचं शब्दांतलं रूप) लिहायची सोयसुद्धा. मुलांना पहिल्या दिवसापासून नीट लिहायला शिकवता आलं. तुमच्या त्या ‘एसजीएन पाय’ने काय शिकवलं?

खटपटराव

बाई, काटकसर शिकवली.

भाकरवडी

😂 आणि पायची चिन्हं.

शून्यएक

बाबा मस्कतला होते, त्यामुळे आमच्या घरी कमोडोर ६४. सुरू केला की निळ्या पडद्यावर ऐटीत ‘३८९११ बेसिक बाइट्स फ्री’. पण त्या बेसिकमध्ये ना चित्राची आज्ञा, ना आवाजाची. मशीनमध्ये त्या काळातली उत्तम ध्वनी-चिप आणि बेसिकला तिचा पत्ताच नाही! पडद्याची कड काळी करायची तर पोक (मेमरीतल्या पत्त्यावर थेट आकडा ठेवायची आज्ञा) ५३२८०,०. आतला भाग काळा करायचा तर पोक ५३२८१,०. एक सूर काढायला ५४२७२ पासून पुढच्या पत्त्यांवर पोकमागून पोक. मला घरचा फोन नंबर आठवत नाही, हे आकडे आठवतात.

व्हेरिएबलची गंमत वेगळीच. नाव कितीही लांब लिहा, पहिली दोनच अक्षरं धरणार. म्हणजे ‘राम’ आणि ‘राधा’ एकच. त्यात नावाच्या पोटात कुठेही आज्ञा सापडली की ओळ मोडली. गुणांसाठी ‘स्कोअर’ असं साधं नाव ठेवा, त्याच्या स्पेलिंगात ‘ऑर’ दडलेला आहे, सिंटॅक्स एरर. ‘टोटल’मध्ये ‘टू’. त्यामुळे सगळे एससी, टीएल असलं काहीतरी लिहायचे आणि महिन्याने आपलंच आपल्याला कळायचं नाही.

वेगासाठी आमचा नियम होता की आकडा सरळ लिहायचा नाही, आधी व्हेरिएबलमध्ये ठेवायचा. कारण ओळीतला आकडा ते मशीन दरवेळी नव्याने वाचून बदलून घेतं.

खटपटराव

@शून्यएक, शेवटचा नियम स्पेक्ट्रमवर चालत नाही. तिथे आकड्याचं तयार रूप ओळीतच लपवलेलं असतं, वर लिहिलेले ५ बाइट तेच. उलट व्हेरिएबल मात्र यादीत पहिल्यापासून शोधत जावं लागतं. व्हॅल वापरला की जागा वाचते पण अवतरणातली अक्षरं दरवेळी नव्याने वाचावी लागतात, म्हणून खेळाच्या मुख्य लूपमध्ये व्हॅल घालायचा नाही. जागा हवी की वेग, ते आधी ठरवा.

दोनबोटी

वेगाचा विषय निघालाच आहे तर. स्पेक्ट्रमवर १ ते १००० पर्यंत रिकामा फॉर-नेक्स्ट चालवला तर चार सेकंदांहून जास्त लागतात, बीबीसीला एका सेकंदाच्या आसपास. यातला बराच भाग मशीनचा, पण थोडा आपल्या हातात असतो. स्पेक्ट्रम गो टू, गो सब, नेक्स्ट काहीही आलं की ती ओळ पहिल्या ओळीपासून शोधत निघतो. म्हणून जे सतत चालतं ते प्रोग्रॅमच्या अगदी वर ठेवायचं आणि सुरुवातीची मांडामांड, सूचना, नावं हे सगळं खाली ९००० ला. पहिल्याच ओळीत ‘गो टू ९०००’. बाहेरच्या माणसाला प्रोग्रॅम उलटा लिहिल्यासारखा दिसतो.

आता बाईंसाठी. एल्स नव्हता हे खरं, पण सिंक्लेअरमध्ये ‘खरं’ म्हणजे १ आणि ‘खोटं’ म्हणजे ०, आणि ते सरळ गणितात घालता येतात. माणूस डावी-उजवीकडे हलवायला इफ लागतच नाही (इनकी$ म्हणजे त्या क्षणी दाबलेलं बटण):

लेट एक्स = एक्स + (इनकी$ = "पी") − (इनकी$ = "ओ")

एका ओळीत काम झालं. गो टूच्या पुढे आकडाच हवा असंही नाही, गणित चालतं. ‘गो सब १००० × निवड’ म्हटलं की मेनू तयार. व्हेरिएबलही चालतं, आणि आकड्यांच्या व्हेरिएबलना हवी तेवढी लांब नावं देता येतात. सुरुवातीला ‘लेट पगारकाढा = ५००’ लिहून ठेवायचं, मग खाली कुठेही ‘गो सब पगारकाढा’. प्रोसिजरच झाली की!

शाळेतली_बाई

नाही झाली. लोकल व्हेरिएबल कुठे आहेत? तुमच्या ‘पगारकाढा’ने आत ‘आय’ वापरला की बाहेरच्या लूपचा ‘आय’ गेला.

दोनबोटी

आत ‘आय’ वापरायचाच नाही. आम्ही वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायचो, कोणतं अक्षर कोणाचं. फॉरच्या व्हेरिएबलचं नाव एकाच अक्षराचं असतं, स्ट्रिंगचंही तसंच, त्यामुळे वाटणी करावीच लागे.

शाळेतली_बाई

म्हणजे मशीनचं काम वहीने केलं. मुद्दा माझाच सिद्ध झाला. 🙂

पण न्यायाने बोलायचं तर रडगाणं आमच्याकडेही होतं, मेमरीचं. बीबीसीच्या मॉडेल बीमध्ये एकूण ३२ के. मोड २, म्हणजे आठ रंग आणि आठ लुकलुकते, लावला की पडदाच २० के घेतो. टेपवर काम असेल तर प्रोग्रॅमला ८,७०४ बाइट उरतात. डिस्क जोडलेली असेल तर डिस्कचा कारभार आणखी जागा अडवतो आणि उरतात ५,८८८. भाषा इतकी सुंदर आणि लिहायला जागाच नाही. मग काय करायचं, डिस्कवरून प्रोग्रॅम घ्यायचा, डिस्क सोडून टेपवर यायचं आणि सगळा प्रोग्रॅम खालच्या टेपवाल्या पत्त्यावर सरकवून चालवायचा. नाहीतर त्याचे तुकडे करून ‘चेन’ने एकामागून एक आणायचे. ए% ते झेड% ही सव्वीस व्हेरिएबल चेन केल्यावरही टिकतात, त्यामुळे गुण, पातळी, मुलाचा हजेरी क्रमांक असं सगळं त्यांतून पुढच्या तुकड्याला द्यायचं. मजकुराचंच काम असेल तर मोड ७. पडदा फक्त १ केचा.

तुमच्या मूळ प्रश्नाबद्दल: स्वतःच्या अक्षरांना आमच्याकडे व्हीडीयू २३ या आज्ञेने ३२ जागा मिळत. मराठीला त्याही पुरत नाहीत.

शून्यएक

खरं-खोटं वरून आठवलं. कमोडोरमध्ये ‘खरं’ म्हणजे −१. स्पेक्ट्रमच्या मासिकातली यादी तशीच उतरवली की माणूस उजवीकडचं बटण दाबल्यावर डावीकडे पळतो. चिन्हं उलटी केली की सुटला प्रश्न.

भाकरवडी

अवांतर: टेपबद्दल कोणीच कसं बोलत नाहीये? ४८ केचा खेळ चढायला पाच मिनिटं, शेवटच्या मिनिटाला वीज जाणार, आणि आजी विचारणार की हे कसलं भजन लावलंय.

दोनबोटी

@भाकरवडी, टेपची एक कामाची गोष्ट सांगतो. ‘लोड’ केलं की आधीचा प्रोग्रॅम पुसला जातो, ‘मर्ज’ केलं की नव्या ओळी जुन्यांत मिसळतात. म्हणून नेहमी लागणाऱ्या गोष्टी ८००० च्या पुढच्या नंबरांनी लिहून वेगळ्या कॅसेटवर ठेवायच्या आणि प्रत्येक नव्या प्रोग्रॅममध्ये मर्ज करायच्या. आजच्या भाषेत ती आमची लायब्ररी. शिवाय आपोआप चालू होणारा बेसिक प्रोग्रॅम मर्जने घेतला की चालू होत नाही, सरळ यादी दिसते. दुसऱ्यांचं बघून शिकायची सोय तीच.

कुडाळकर_टायपिस्ट

मला संगणकातलं ओ की ठो कळत नाही, मुलाने धागा दाखवला म्हणून वाचला. पण मराठी टंकलेखन पोटापाण्यासाठी केलंय. तुमच्या जागेचा प्रश्न टाइपरायटरने कधीच सोडवला आहे.

मशीनवर ‘ग’ असं अक्षर ठेवायची गरज नसते. अर्धा ग आणि काना. अर्धा म आणि काना. आपल्या निम्म्याहून जास्त व्यंजनांच्या शेवटी उभा दंड आहे: ख, ग, घ, च, ज, ण, त, थ, ध, न, प, ब, भ, म, य, व, ष, स. एकच दंड सगळ्यांना कामाला येतो. आणि अर्धी अक्षरं आधीपासून हाताशी असल्यामुळे ‘स्वागत’मधला स् वेगळा काढावा लागत नाही, नुसता दंड द्यायचा नाही. पहिली वेलांटी आधी मारायची, अक्षर नंतर. जसं दिसतं तसं, उच्चाराच्या क्रमाने नव्हे. मात्रा, अनुस्वार, उकार यांची बटणं गाडा पुढे सरकवत नाहीत, म्हणून ती अक्षराच्याच जागी बसतात.

कॅसेटवाला

कुडाळकर, दंडवत! स्पेक्ट्रमला ‘गाडा न सरकवणारं बटण’ आहे: ओव्हर १. त्याच जागी दुसरं अक्षर छापलं तर दोन्ही एकत्र दिसतात. मॅन्युअलमध्येही एक घर मागे येऊन वर खूण छापायचं उदाहरण आहे.

एकच गोम आहे. ओव्हर १ म्हणजे एक्सॉर. जिथे दोन्हीकडे ठिपका आहे तिथे तो पुसला जातो. दोन्हींत शिरोरेघ असेल तर शिरोरेघच गायब!

खटपटराव

मग शिरोरेघ अक्षरात ठेवताच कशाला? हाताने लिहिताना आपण काय करतो? अक्षरं आधी, रेघ शेवटी. प्लॉट आणि ड्रॉ आहेत की. शब्द छापून झाला की वरून एक आडवी रेघ ओढा. प्रत्येक अक्षराला उभ्यातला एक ठिपकाही वाचला.

आणि त्या २१ जागांचा नाद सोडा. कॅरॅक्टर सेट कुठे आहे हे सांगणारा पत्ता २३६०६ आणि २३६०७ मध्ये असतो, तो बदलता येतो. क्लिअर ६३९९९ करून वरची मेमरी बाजूला काढा, ६४००० पासून ९६ अक्षरं भरा, एकूण ७६८ बाइट. पत्ता नेहमी २५६ ने अलीकडचा द्यायचा असतो, इथे ६३७४४, म्हणजे २४९ × २५६, म्हणून पोक २३६०६,० आणि पोक २३६०७,२४९. झालं, सगळा कळफलक मराठी. मशीन कोडचा एक बाइट नाही. ७६८ आकडे डेटा ओळींत लिहू नका, प्रत्येकामागे ६ लपलेले बाइट जातात. एकदा भरून झाले की ते बाइटच टेपवर सेव्ह करा आणि नंतर थेट लोड करा.

वाचनमात्र

यादीही मराठीत दिसणार का मग?

खटपटराव

यादी, एरर, सगळंच. ब्रेक दाबून प्रोग्रॅम थांबवला की खाली मशीन काहीतरी अगम्य मराठीत बोलतं. परत यायला न बघता पोक २३६०७,६० टाइप करायचं. ओ दाबला की आख्खा पोक उमटतो, एवढी तरी सोय आहे.

कॅसेटवाला

रात्री बसून केलं. मांडणी लिहून ठेवतो, कोणाला पुढे लागली तर.

मराठीच्या एका ओळीला पडद्याच्या दोन ओळी दिल्या. वरच्या चौकटीत मात्रा, वेलांट्यांचे वरचे भाग, अनुस्वार, रफार. खालच्या चौकटीत अक्षर, पण सहाच ठिपके उंच, म्हणजे तळाचे दोन उकारांना राहतात. प्रत्येक शब्दासाठी सारख्याच लांबीच्या चार स्ट्रिंग: अक्षरांची, दंडांची, उकारांची आणि वरच्या खुणांची. पहिली साधी छापायची, मग त्याच जागेवर ओव्हर १ लावून दंडांची, मग उकारांची. जिथे काही नको तिथे रिकामी जागा, रिकाम्याशी एक्सॉर केल्याने काही बिघडत नाही. चौथी वरच्या ओळीत. मागे यायची भानगडच उरली नाही.

अक्षर आर क्रमांकाच्या ओळीत असेल तर शिरोरेघ उंची १७६ − ८ × आर वर, म्हणजे बरोबर वरच्या चौकटीच्या तळाच्या ठिपक्यांतून जाते. काना एक पूर्ण चौकट खातो, त्यामुळे ‘स्वागत’ जरा ऐसपैस दिसतं, पण वरून रेघ गेली की डोळ्याला खटकत नाही. के बटणावर क, एम वर म असं ठेवलंय, म्हणून मूळ अक्षरांवर आलं की यादी रोमन मराठीसारखी वाचता येते.

अडलंय ते ‘राष्ट्रीय’वर. ट च्या खाली र चा तो टोपीसारखा आकार दोन ठिपक्यांत बसत नाही, फराटा दिसतो.

कुडाळकर_टायपिस्ट

ट्र आख्खा एक वेगळा ठेवा. तुमच्याकडे ९६ जागा आहेत, त्यात हट्ट कशाला.

शाळेतली_बाई

छान झालंय हो, फोटो टाका. एकच सांगते. असं दिसण्याच्या क्रमाने साठवलेलं मराठी अकारविल्हे लावता येत नाही. ‘कि’ची वेलांटी आधी आली की शब्द भलतीकडेच जातो. १९९१ च्या इस्कीच्या, म्हणजे भारतीय लिपींच्या संगणकीय संकेतांच्या, मानकात अक्षरं उच्चाराच्या क्रमाने ठेवली आहेत. दाखवायचं कसं ते दाखवणाऱ्याने बघायचं.

दोनबोटी

बाई, पाटी लिहायची आहे, शब्दकोश नाही.

कॅसेटवाला

ट्र वेगळा केला, सुटलं. फोटो उद्या, टीव्ही फोनच्या कॅमेऱ्यात पट्टेपट्टे येतो.

आता पुतणीची फर्माईश: अक्षरं पांढरी आणि शिरोरेघ पिवळी हवी. मी म्हटलं स्पेक्ट्रममध्ये एका ८ × ८ चौकटीत दोनच रंग, एक शाईचा आणि एक कागदाचा. रेघ पिवळी केली की अक्षरही पिवळं होणार.

शून्यएक

नाही होणार! तुमची रेघ वरच्या चौकटीत आहे ना? अक्षर खालच्या. इंक ६ (पिवळी शाई) लावून ड्रॉ करा. मात्रा पिवळ्या होतील तेवढ्या, अक्षरं पांढरीच राहतील. काळ्या कागदावर करा, उठून दिसेल.

कॅसेटवाला

झालं की! मात्रांसकट पिवळं, आणि ती म्हणते मात्राही पिवळ्याच हव्या होत्या.